दमानं चढलेला मंदोशी घाट

मागच्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ दिनेश भीमाशंकरला सायकलवर निघाला, मंदोशी घाटात तिसऱ्या वळणावर दमून आडवा झाला आणि टेम्पोतून परत आला. त्यानंतर आठ महिने त्यानं सायकलचं नाव काढू दिलं नाही. मग डॉक्टरांनी त्याला सांगितलं, रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आहे. त्याच संध्याकाळी मी पिंपळे गुरवला त्याच्या घरी थडकले. "यंदा पुन्हा भीमाशंकर. माझ्याबरोबर."

"ताई, तू? शाळेत धावताना तुझ्या मागं कुणीच नसायचं!"

खरंच नसायचं. दिनेश मात्र कबड्डीत चढाईला गेला की समोरच्यांना कळायच्या आत गडी मारून परत. आता तो चाकणच्या गोदामात दिवसभर खुर्चीत असतो. मी चव्वेचाळीस वर्षांची, म्हाळुंग्याच्या कंपनीत पार्ट तपासते आणि दोन वर्षं आकुर्डीहून पहिल्या शिफ्टला सायकलनंच जाते.

माझी मैत्रीण वैशाली शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकवते. तिनं आम्हाला समजावलं. स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. संथ तंतू प्राणवायूवर तासन्‌तास चालतात, वेगवान तंतू झटक्यात जोर देतात पण लवकर थकतात. ते जास्त कामाला लागले की तेवढ्याच चढाला प्राणवायूही जास्त लागत जातो. "दिनेशकडे वेगवान तंतू जास्त असावेत, हा अंदाज. खात्रीसाठी स्नायूचा तुकडा काढावा लागेल," ती म्हणाली. "पण सरावानं वेगवान तंतूही प्राणवायू चांगला वापरायला शिकतात."

तीन महिने दर रविवारी आम्ही तळवड्याच्या रस्त्यावर घाम गाळला.

निघालो डिसेंबरातल्या एका शनिवारी, पहाटे. तळवडे, म्हाळुंगे, चाकण: ट्रकांची रांग लागायच्या आत चाकणचा चौक ओलांडा, हा माझा पहिला सल्ला. राजगुरुनगरला मिसळ खाल्ली, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि डावीकडं वाडा गावाच्या रस्त्याला लागलो. पुढं हॉटेलं विरळ आहेत, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की जवळ ठेवा. चासकमान धरणाचं पाणी बराच वेळ सोबत होतं. दिनेश सारखा पुढं सुटायचा. मी हाक मारून मागं आणायचे.

वाड्यात चहा घेताना टपरीवरच्या आजोबांनी विचारलं, "कुठनं आलाव?"

"आकुर्डीहून."

"सायकलीवर? आन्‌ घाट चढायचाय व्हय? लई खडा हाय, बरं का!"

दिनेशनं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, इथूनच फिरूया का?"

"फिरायचं असेल तर तू फिर. मी जाणार," मी म्हणाले. तो उठला आणि त्यानं सायकल घाटाकडंच वळवली.

घाट लागताच तो सवयीनं उभा राहून पेडल मारायला लागला. "बस खाली," मी ओरडले. "सगळ्यात हलका गिअर टाक. आणि मला ती कबड्डीची फायनल सांग, तू शेवटच्या चढाईत जिंकलेली."

"आत्ता?"

"आत्ताच. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करायचा."

दिनेश सांगत गेला. पहिल्या वळणावर मध्यंतर झालं. दुसऱ्यावर त्यांचा संघ चार गुणांनी मागं होता. तिसरं वळण आलं तेव्हा त्यानं गेल्या वर्षीची जागा ओळखली, वाक्य अर्धंच राहिलं. मी वेग इतका उतरवायला लावला की दोन्ही सायकली जेमतेम तोल धरून होत्या. त्याचा श्वास जागेवर आला, तो पुन्हा बोलायला लागला आणि ते वळण मागं पडलं.

माथा दिसला तेव्हा मॅच बरोबरीत होती. दिनेशनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "जा आता!"

तो उठला आणि सुटला, राव! इतका वेळ राखून ठेवलेला सगळा जोर शेवटच्या शंभर मीटरांत बाहेर आला. मी पोचले तेव्हा तो दोन्ही हात वर करून कबड्डीच्या मैदानावर असल्यासारखा ओरडत होता. डोळे ओले होते. माझेही.

रात्री देवळाजवळच्या साध्या खोलीत राहिलो, पिठलं-भाकरी खाल्ली. सकाळी दर्शन घेऊन त्याच रस्त्यानं परत. घाट उतरताना ब्रेक आधी तपासा, वळणांवर खडी असते.

या प्रवासातून काय उरलं? दोन दिवस दुखलेल्या मांड्या, आणि माझ्या संथपणाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा वाटलेला अभिमान. दिनेशची साखर अजून काठावरच आहे, पण आठवड्यातून दोनदा तो चाकणला सायकलनं जातो. काल माझी शिफ्ट सुटत असताना त्याचा फोन आला.

"ताई, मोशीचा पूल ओलांडून पुढचा सगळा चढ आज न थांबता! आणि अख्ख्या रस्त्यात सोबत सायकलवर असलेल्या एका शेजाऱ्याशी गप्पा मारत!"

कंपनीच्या गेटवरच मी "शाब्बास!" असं काही ओरडले की वॉचमनकाका खुर्चीवरून उठून उभे राहिले.