जिभेखालची गोळी

२०१७ साली सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. डहाणूच्या सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या मिळाल्या, आणि एक बारीक गोळी फक्त कळ आली की जिभेखाली ठेवायला. आमच्या गावी, झरीला, घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटात गेल्याशिवाय औषध काम कसं करणार?" कळ आली की ती गोळी त्या पाण्याबरोबर गिळायच्या आणि तळमळत पडायच्या. एखादी कळ त्यांना घेऊनच जाईल, अशी मला धास्ती वाटायची.

परक्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही. तरी पुढच्या खेपेला इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टरला हळूच सांगितलं. ती रागावली नाही. सासूबाईंच्या फुगलेल्या गालाकडे बघत तिने विचारलं,

"आजी, तंबाखू गिळता का?"

"गिळली तर ओकेन की!"

"मग तार कशी लागते?"

"तोंडात धरली की लागते."

"कारण ती तिथूनच रक्तात उतरते. ही गोळीपण तशीच. गिळली तर पोटातून यकृतात जाते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. कळ आली की खाली बसायचं, जिभेखाली धरायची, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी करून सरळ दवाखाना गाठायचा. आणि तंबाखू आजपासून बंद."

"बघ गं, तिचंच उदाहरण दिलं आणि तिलाच काढून घेतलं!" सासूबाई मला म्हणाल्या. सिस्टर खळखळून हसली.

मग मीही धीर करून विचारलं, इंजेक्शन वेगवेगळ्या जागी का देतात? तिने सांगितलं, शिरेतून दिलेलं लगेच लागू पडतं, स्नायूत दिलेलं जरा वेळाने, कातडीखालचं बहुतेक त्याहून सावकाश. याला औषध देण्याचे मार्ग म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मला सगळं कळलं. तिच्याएवढं सोपं करून मला कुणी काही सांगितलं नव्हतं. एसटीत मी ते मनात घोळवत होते.

तंबाखू कमी झाली, पुरती सुटली नाही.

पुढे नाचणी कापताना कळ आली. सासूबाईंनी तोंडातली तंबाखू थुंकली, बांधावर बसल्या आणि जीभ वर केली. मी गोळी ठेवली. शेजारीण तांब्या घेऊन धावली, "घोटभर घ्या हो!" सासूबाईंनी हातानेच तिला थोपवलं. दिवसभर बोलणारी बाई तोंड घट्ट मिटून बसली होती. माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलेना. हळूहळू कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"थांबली," त्या म्हणाल्या.