घोंगडीतून गाळलेलं पेट्रोल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाकडे मागते ते मात्र मला सांगता येणार नाही, कारण ही वही कोणाला दाखवायची नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही भोरला मामाकडे राहून. गुरुजी म्हणायचे, हिच्या पाटीवर कोंबडी नाचून गेली की काय. त्याच अक्षरात या वहीच्या पुढच्या पानांवर मोटारीच्या औषधांच्या नोंदी आहेत. हे मी उलट्या बाजूने लिहिते आहे. कार्बोरेटर हा शब्द त्या पानांवर मी चार तऱ्हांनी लिहिला आहे. गाडीला त्याने काही फरक पडला नाही. औषधांनीही पडला नाही.

आमचे हे एका साहेबाची मोटार चालवायचे. साहेब देश सोडून जाताना थकलेल्या पगारापोटी मोटारच देऊन गेला. गाडीला धक्का मारून झाल्यावर त्याच्या उदारपणाची आम्हाला पुष्कळदा आठवण यायची. एस.टी. अजून आमच्या रस्त्याला आली नव्हती, म्हणून हे भोर ते वेल्हे माणसं न्यायचे. सहाजण बसतील एवढी जागा, त्यात अकरा बसायचे, आणि बाजारच्या दिवशी एखादी शेळी. आमचं घर त्याच रस्त्यावर. पेट्रोल भोरलाच मिळायचं, ते डब्यांतून आणून पडवीत ठेवायचं आणि तिथूनच गाडीत ओतायचं.

एका पावसाळ्यात डब्यात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली. भोरच्या मिस्त्रीनं सांगितलं, मऊ कमावलेल्या कातड्यातून पेट्रोल गाळत जा, पाणी वर राहतं. ह्यांनी कातडं आणलं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ.

"कातडं? देवघराच्या भिंतीला कातडं टांगतूस व्हय रं? त्यापरीस गाडीच इक."

कातडं आल्या पावली परत गेलं. मग ह्यांना युक्ती सुचली. माझ्या लग्नात माहेरून आलेली कोरी घोंगडी फडताळात होती. ह्यांनी तिच्या कोपऱ्याचा हातभर तुकडा कापला.

"घोंगडी पांघरून माणूस दिवसभर पावसात हुबा ऱ्हातो, अंगाला थेंब लागत न्हाई. मग ह्यातनं पाणी पेट्रोलात जाईलच कसं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मीही डोलावली.

त्यानंतर गाडी सपाटीला नीट चालायची आणि चढ आला की गचके खाऊन थांबायची. उतारू उतरून ढकलायचे. मिस्त्रीनं कार्बोरेटर खोललं. त्यात पेट्रोल जायचं सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं, ते बुजलं होतं. त्यानं त्यात फुंकर मारली आणि म्हणाला, "मळ धरतोय. पेट्रोलात औषध घाला. हल्ली लई औषधं निघाल्यात."

औषधाला पैसे हवेत. ते माझ्याकडे होते. तूप आणि अंडी विकून मी चाळीस रुपये जमवले होते, आईच्या डोळ्यांसाठी. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमचा धनगरवाडा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. ती आम्हाला आवाजावरून ओळखायची आणि मेंढरांना वासावरून. पुण्याच्या दवाखान्यात डोळे उघडून देतात असं कळलं होतं.

"पंधरा दिस दे," हे म्हणाले. "गाडी नीट झाली की हिच्यातनंच आईला पुण्याला नेतो. भाडं न्हाई घेणार."

सासूकडून भाडं न घेणारा जावई मिळायलाही भाग्य लागतं. मी पैसे दिले. त्या वयात मी कोणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, आणि पाठीमागेही नाही.

तीन औषधं ठरली. एक पुण्याहून आणलेली लाल पाण्याची बाटली, तिच्यावर धावत्या घोड्याचं चित्र. दुसरं, चांदीच्या कागदातल्या पांढऱ्या गोळ्या, टाकीत टाकायच्या. तिसरं मिस्त्रीचं स्वतःचं, रॉकेल, एरंडेल आणि कापूर. कापूर कशाला, असं विचारल्यावर मिस्त्री नुसता हसला. हे दुसरीपर्यंत शिकलेले, म्हणून नोंदी लिहायला मी. पद्धत अगदी काटेकोर होती. दर औषधाच्या आधी मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलायचं, भोक फुंकून साफ करायचं, मग औषध घालायचं आणि त्याच चढावर गाडी न्यायची.

भोक नुकतंच साफ केलेलं असल्यामुळे प्रत्येक औषध पहिल्या दिवशी उत्तम ठरायचं. माझ्या वहीत तसंच आहे: "लाल औषध, उत्तम." "गोळी, उत्तम." "मिस्त्रीचं, उत्तम, कापराचा वास." दुसऱ्या दिवशीही उत्तम. तिसऱ्या दिवशी चढावर थांबली. तिन्ही वेळा.

तरी चर्चा काही थांबली नाही. लाल औषधानं इंजिनचा आवाज गोड होतो, असं ह्यांचं म्हणणं. गोळीनं धूर पातळ होतो, असं मिस्त्रीचं. दोघं पडवीत बसून माझ्या हातचा चहा पीत एकेका औषधाचे गुण सांगायचे. ज्याच्या पोटात हे सगळं जात होतं ते इंजिन बाहेर उभं. वेल्ह्याचे एक म्हातारबाबा नेहमी पुढच्या बाकावर बसायचे. चढावर उतरताना ते एकदा म्हणाले, "मालक, ती गोळी आमालाच एकेक द्या की. ढकलाया जोर तरी यील!"

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. आईला आता दिवा लावलेला आहे की नाही तेही कळेना.

एका दुपारी मी औषधांच्या जुन्या नोंदी चाळत होते. गाडी थांबली त्या प्रत्येक दिवसाच्या वर माझ्याच हातानं लिहिलं होतं: "नवा डबा गाळून घातला." तिन्ही ठिकाणी. औषध वेगळं, चढ तोच, आणि गाळणं तेच. मला शंका आली. पण मोटारीबद्दल बायकोनं बोलावं अशी आमच्याकडे रीत नव्हती, आणि रीत असती तरी मी बोलले नसते. मिस्त्रीनं भोकातून काढलेला गाळ एका कागदाला पुसला होता. तो कागद मी पदराला बांधला आणि माहेरी गेले.

आईनं चिमूट अंगठ्यावर घेऊन चोळली, नाकाशी नेली.

"घासलेटावानी वास मारतुया," ती म्हणाली. "पर ही चिंचोक्याची खळ हाय गं. आन ह्यो लोकरीचा केस. कुठनं आणलास?"

माझे वडील घोंगड्या विणायचे आणि आई चिंचोके शिजवून त्यांची खळ लावायची, म्हणजे वीण घट्ट राहते. सारा जन्म तिनं तेच केलं. कोऱ्या घोंगडीतून खळीची भुकटी झडते आणि केस सुटतात, हे तिला सांगावं लागत नव्हतं. डोळे असलेल्या दोन पुरुषांना तीन महिन्यांत जे दिसलं नाही, ते तिला एका चिमटीत कळलं.

घरी आल्यावर मी कोणाला काही सांगितलं नाही. ह्यांनी मिस्त्रीकडून गाडी पुन्हा साफ करून आणली होती, आणि आता दोन दोन गोळ्यांचा प्रयोग सुरू होणार होता. हे जेवायला बसले की डबा मी गाळायला लागले, जुन्या धोतराचं चौपदरी फडकं लावून. तूप कढवल्यावर बेरी जशी खाली बसते, तसं पाणी डब्याच्या तळाला बसतं. तेवढं तळाचं ओतायचं नाही. याला कोणतंही औषध लागत नाही.

दहा दिवस गाडी चढाला एकदाही थांबली नाही. हे खुशीत होते.

"दोन गोळ्या टाकायच्या, हे कुणाच्या डोक्यातच आलं न्हवतं!"

अकराव्या दिवशी सकाळी गाडी भरली होती. हे खिशातल्या नोटा चाचपत म्हातारबाबांना सांगत होते, की आज भोरला गेलो की गोळ्यांचे डझनभर डबेच घेऊन टाकतो. दहा दिवसांची सगळी मिळकत होती ती. माझे पाय आपोआप अंगणात गेले.

"गोळ्या आणू नका," मी म्हणाले. "धा दिस डबा मी गाळतीय. धोतराच्या फडक्यानं. घोंगडीची खळ भोकात बसत हुती. आईनं वळखली."

ह्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना वाट सापडली.

"म्हंजे तुज्या म्हायेरच्या घोंगडीनं माजी गाडी मारली व्हय? मग पैशाचं मिटलंच की. घोंगडी तुमची, नुसकान आमचं!"

मी आयुष्यात पुरुषमाणसांसमोर एवढं कधी बोलले नव्हते. "घोंगडी पाऊस अडवाया दिली हुती. तिच्यातनं पेट्रोल गाळा म्हनून माज्या बापानं सांगितलं न्हवतं. माजं चाळीस रुपयं द्या. आई आंधळी व्हाया लागलीय."

म्हातारबाबा खाली उतरले. "मालक, तीन म्हैनं आमी ढकललीय. आज पैसं दिल्याबिगर आमी बसत न्हाई." त्यांच्या मागून शेळीवालाही उतरला.

ह्यांनी पाचाची एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली, तेव्हा उतारू बसले. मग दर बाजाराला एक. कधी हसून, कधी नोट अशी धरून की मलाच ती ओढून घ्यावी लागे.

आईला पुण्याला न्यायच्या दिवशी सात नोटा झाल्या होत्या. आई पुढच्या बाकावर म्हातारबाबांच्या जागी बसली. माझं लक्ष नाही असं बघून ह्यांनी टाकीत हळूच एक गोळी टाकली. मी बघितलं नाही असं दाखवलं. मग ते दाराशी आले आणि आठवी नोट माझ्याकडे न देता आईच्या हातात ठेवली. आईनं माझ्याकडच्या सातही मागून घेतल्या आणि अंगठ्यानं एकेक सरकवत मोजल्या, खळ चोळली होती तशाच.

"आठ," ती म्हणाली. "फिटलं. चला आता."