शाळेच्या रबरी छताची हमी

वाचनालयाच्या या फलकासमोर थांबणाऱ्यांनो, आज दुपारी शाळेत घडलेलं लगेच लिहून लावतो आहे.

शाळेच्या सपाट छतावर रबराची चादर चिकटवून झाली. कंत्राटदार पंधरा वर्षांची हमी देतो, पण एका अटीवर. छतावर चार बोटं पाणी दिवसभर उभं ठेवायचं, आणि गळती नाही असं हेडमास्तरांनी लिहून द्यायचं.

यंदाही पाऊस नाही. खर्डा गावाकडून पिण्याच्या पाण्याचा टँकर तीन दिवसांनी येतो, तो आज आला. कंत्राटदाराच्या माणसाने त्याचा पाइप शिडीकडे ओढला. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या सखूकाकू पाण्याच्या रांगेतून पुढे आल्या.

"आमी घशाला कोरड घेऊन उभ्या, आन् तुमी इमारतीला पानी पाजता व्हय?"

हेडमास्तरांनी पाइप खाली ठेवायला सांगितला. तो माणूस हळूच म्हणाला, "पाणी उभं केलं असं नुसतं लिहा, मास्तर. कोण बघायला येतंय?"

हेडमास्तरांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'पाण्याअभावी तपासणी केली नाही', आणि सही केली. माणसाने हमीचा कागद शाळेला न देता घडी घालून आपल्या खिशात ठेवला.

"आन् छत गळलं तर, गुरुजी?" रांगेतून कुणी विचारलं.

"गळू दे की," काकू म्हणाल्या. "हंडे लावायला आमी येतो."

सगळे हसले. हेडमास्तर हसले नाहीत. छत गळलं तर आता दुरुस्ती शाळेलाच करावी लागेल.

त्या तपासणीच्या कागदावर तुम्ही काय लिहिलं असतं?