हात लागलेली वीज

"ऊठ."

तोंडात एक घास होता, दुसरा बोटांत. समोर केळीचं पान. पानावर भात, सांबार, डांगर पच्चडी, एक वडा. शेजारच्या पानावर घरचे म्हातारे यजमान. सगळी वीथी, म्हणजे गल्ली, त्यांना रावजी म्हणते. मघाशी त्यांनीच मला हाताला धरून पानावर बसवलं होतं. आता ते माझ्याकडे बघत नव्हते, पानाकडे बघत होते.

"ऊठ म्हटलें तुज. पान उचल. जागा पुसून घे. मग मागीलदारीं जा."

मघापर्यंत मी 'तुम्ही' होतो.

मी उठलो. पान दुमडलं. घास गिळू की थुंकू कळेना, शेवटी गिळला. रावजींच्या बायकोनं लांबून फडकं टाकलं. मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. "तो कोपरा पण," त्या म्हणाल्या. मी तो कोपराही पुसला. कामाचे कपडे होते अंगावर, खिशात टेस्टर होता. वाकताना तो खाली पडला. उचलून परत खिशात घातला. राग यायला हवा होता, पण तेव्हा फक्त लाज वाटली. चोरी करताना सापडल्यासारखी.

हे घर तिरुविडैमरुदूरला, देवळाजवळच्या मोठ्या वीथीत. पुढच्या अर्ध्या घरावर कौलं, मागच्या अर्ध्यावर गच्ची. त्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला आम्ही गेलो होतो. काम कुंभकोणमच्या एका कंत्राटदाराचं. मी वायरमन. बरोबर सेल्वम, लोखंडी फ्रेम बसवणारा. आमच्यावर सुपरवायझर मुरुगेसन. पॅनेलच्या तारा गच्चीवरून खाली आणायच्या, माजघराबाहेरच्या बोळात भिंतीवर एका पेटीत जोडायच्या, पेटीतून इन्व्हर्टरला. ही जोडणी माझी. एकही स्क्रू सैल ठेवायचा नाही हे मी स्वतःला लावून घेतलं होतं. आमच्या धंद्यात सैल जोडणी म्हणजे आग. मुरुगेसन म्हणायचा, पुढच्या हंगामात तुला टोळीचा मुख्य करतो. मला ते हवं होतं. दुसरं काही नाही, एवढंच हवं होतं.

मग पानावर कसा बसलो? माझ्या जिभेमुळे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांचा दरबार होता तेव्हा कुणाकुणाचे पूर्वज इकडे आले, कुणी दिवाणगिरी करायला, कुणी भांडी घासायला. दरबार गेला, भाषा राहिली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि तमिळ लोकांना कसलाच फरक कळत नाही. मराठी बोलतो तो राव. दिवाणाचा वंशज राव, शिंपी राव, मीही राव. माझ्या नावाच्या शेवटी राव आहे, आधार कार्डावरसुद्धा. मुरुगेसननं रावजींना ओळख करून दिली तीही "हा आमचा राव" अशीच.

त्या दिवशी काम संपत आलं होतं. आईचा फोन आला, मी बोळात उभा राहून बोललो. फोन ठेवला तर रावजी मागे उभे. डोळ्यांत पाणी.

"मराठी बोलतां कीं हो तुम्ही! राव म्हणजे मज तेलुगू वाटलें."

त्यांची मुलं चेन्नईला, नातवंडं परदेशात. घरात मराठी बोलायला म्हातारी बायको तेवढी. त्यांनी माझा हात धरला. "आपलें माणूस घरांत येऊन उपाशी जाईल काय?" मी म्हटलं, सेल्वम पण आहे. "त्याला मागें वाढलें आहे," ते म्हणाले. मी सेल्वमला मागे ठेवलं. आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला 'आपलं माणूस' म्हटलं होतं. मला ते आवडलं. खरंच आवडलं.

दोन घास झाले आणि त्यांनी विचारलं, "गोत्र कोणतें तुमचें?"

खोटं बोलता आलं असतं. कुठलंही एक ऋषीचं नाव फेकलं असतं तर वडा पुरा खाऊन झाला असता. पण मी मूर्ख, भाताबरोबर फुगलेला. म्हटलं, "गोत्र ठाऊक नाही. आमचे मशालजी होते दरबारांत." अभिमानानं सांगितलं. मिरवणुकीत मशाल धरणारे आमचे पूर्वज, घरात आम्ही ते अभिमानानंच सांगतो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

बाईंचा भाताचा डाव हवेतच थांबला. मग रावजी म्हणाले, "ऊठ."

मागच्या दारी सेल्वम जेवत होता. पेरूच्या झाडाखाली, कागदी ताटलीत. त्यानं मला बघितलं, थोडा सरकला. मी जेवलो नाही. संध्याकाळी पेटीचं झाकण लावलं, आणि रावजींना तमिळमध्ये सांगितलं, ही पेटी उघडायची नाही. ऊन असेपर्यंत पॅनेलमधून करंट येतच राहतो, तो बटणानं मरत नाही. त्यांनी मान हलवली. मराठीत बोललो नाही मी. तेही बोलले नाहीत.

आमच्या वस्तीबद्दल सांगतो, म्हणजे मी त्या घरातून निघून कुठे गेलो ते कळेल. कुंभकोणमच्या कडेला कालव्याच्या बांधावर आमची घरं. जमीन सरकारी पोरंबोक, म्हणजे कुणाच्याच मालकीची नाही, आणि आमची तर नाहीच नाही. पत्र्याची छपरं. डोक्यावरून मोठ्या टॉवरच्या तारा जातात. पावसाळी हवेत त्या गुणगुणतात. कुठली तरी वीज कुठे तरी निघालेली असते. भात पिकवणाऱ्या ह्या मुलखाच्या पोटातून गॅस काढतात, त्याचीही वीज होते, तीही पुढे जाते. आमच्याकडे पोचते ती एका शेवटच्या खांबावरून. उन्हाळ्यात संध्याकाळी पंखा इतका हळू फिरतो की पाती मोजता येतात.

ऊन सगळ्यांवर सारखं पडतं म्हणतात. पडतं. आमच्यावर जरा जास्तच पडतं. पण सबसिडीच्या पॅनेलला काँक्रीटची गच्ची लागते, आणि गच्चीखालची जमीन आपल्या नावावर लागते. मी कितीतरी घरांवर सूर्य जोडून दिला. माझ्या घरावर एक दिवा जोडायची सोय नाही. वस्तीतले विचारायचे, आपल्याला कधी? मी म्हणायचो, बघू. काय बघणार होतो?

दोन दिवसांनी मुरुगेसनचा फोन. "तिरुविडैमरुदूरला धूर झालाय. लगेच ये."

बोळाची भिंत काळी झाली होती. पेटी जळून वितळलेली, इन्व्हर्टर मेलेला. कुणाला इजा नव्हती, तेवढं नशीब. मी झाकण उघडलं. आत काजळी. काजळीत ओल्या अक्षता. एक आंब्याचं पान, अर्धं करपलेलं.

मी अक्षतांकडे बघत राहिलो. रावजींची बायको दारात उभी होती. मी विचारलंही नव्हतं. ती हळूच म्हणाली, "पुण्याहवाचन केलें, घर शुद्ध करण्यास. गुरुजी म्हणाले, त्याचा हात जेथें जेथें लागला तेथें पाणी शिंपडा. पेटींत आंत पण हात घातला होतास ना तूं. म्हणून उघडली."

माझा हात आत गेला होता, म्हणून आत पाणी. भर दुपारी, पॅनेल तापलेली असताना. त्यांना पॅनेल अपवित्र वाटली नाहीत, तार नाही, कंपनी नाही. गुजरातेतून की चीनमधून कुणाकुणाच्या हातांतून आलेला तो इन्व्हर्टर चालला. विटाळ झाला तो फक्त माझा. का? कारण मी त्यांच्या भाषेत जेवायला बसलो होतो. तमिळमध्ये काम करून गप्प गेलो असतो तर तो बोळ आज पांढरा असता.

मुरुगेसननं मला बाहेर ओसरीवर नेलं. तो माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. त्याच्यावरही कुणी बसलेलं आहे. म्हणाला, "कंपनीचा इंजिनियर येतोय. पाणी गेलं म्हटलं तर वॉरंटी नाही. मोठं गिऱ्हाईक आहे, ह्या वीथीतली अजून चार घरं त्यांच्या शब्दावर आहेत. तू म्हण, जोडणी सैल राहिली. कंपनी बदलून देईल. तुला थोडे दिवस घरी बसवतो, मग परत घेतो."

"आणि टोळी?"

"ते नंतर बघू."

"जोडणी सैल नव्हती."

"मला माहीत आहे रे," तो म्हणाला. "म्हणून तर तुला विनवतोय."

तेवढ्यात रावजी बाहेर आले. माझ्या समोर उभे राहिले. आणि मराठी सुरू झाली. मऊ, साखरेत घोळलेली.

"हें पहा, तुम्ही आपलीं माणसें. परक्यांसमोर घरची गोष्ट कशास? एवढें सांभाळून घ्या. तुमच्या लेकरांस आशीर्वाद लागेल."

परत 'तुम्ही'. परत आपली माणसं. जेवायला परका, खोटं बोलायला आपला. करून सवरून हे नामानिराळे, आणि जळलेली पेटी मी माझ्या नावावर घ्यायची. पानावरून उठवलं तेव्हा जो राग आला नव्हता तो तेव्हा आला. मला त्यांची किळस आली. पान दुमडताना मला वाटलं होतं चूक माझी आहे, मी उगाच आत गेलो, उगाच बोललो. तिथं ओसरीवर कळलं, माझी कुठंच चूक नाही. जेवण्यात नाही, बोलण्यात नाही, जोडणीत तर नाहीच.

इंजिनियर आला. तरुण होता, तिरुचीचा. पेटीचे फोटो काढले. सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं?"

मी तमिळमध्ये सांगितलं, वीथीला ऐकू जाईल असं. "ह्यांनी पेटी उघडून आत पाणी शिंपडलं. मी खालच्या जातीचा, माझा हात आत लागला म्हणून. अक्षता अजून आत आहेत, बघा."

शेजारच्या ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. रावजींनी मुरुगेसनकडे बघितलं. मुरुगेसननं सेल्वमकडे.

सेल्वम खाली बघत म्हणाला, "सैल होती, सार. मी बघितलं होतं."

त्याला दोन मुली आहेत. पोटावर पाय आला की माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी त्याच्यावर रागावलो नाही. रागावलो असतो तर बरं झालं असतं, निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं. इंजिनियरनं पेटीत परत डोकावलं. अक्षता त्याला दिसल्या, हे मी बघितलं. त्यानं फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "वायरिंगचा दोष. बदलून मिळेल."

बदलून मिळालं. रावजींच्या घरी आज पॅनेलवर पंखे चालतात, उरलेली वीज ते सरकारला देतात. वीथीतल्या त्या चार घरांवरही पॅनेल बसली. सेल्वम टोळीचा मुख्य झाला. मला पट्टीश्वरम्, इन्नंबूर, कुठल्याच गावच्या कंत्राटदारानं घेतलं नाही. सगळीकडे आधीच पोचलेलं असतं, हाच तो, जोडणी सैल ठेवणारा. जातीमुळे नको, असं म्हणत नाहीत. कामामुळे नको म्हणतात. हे जास्त वाईट. जात आईबापांनी दिली, ती घेऊन जन्मलो. हात मी स्वतः घडवला होता. तोच काढून घेतला.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती निवडत होती काहीतरी. थांबली नाही.

"उगी राहिला असतास तर?"

"तर काम राहिलं असतं."

"मग कां बोललास?"

मी खिशातला टेस्टर काढून जमिनीवर ठेवला. निवडता निवडता ती म्हणाली, "बोललास तें बरें केलेंस. पण आतां खाणार काय, तें सांग." दोन्ही खरं होतं.

आता मी वस्तीत मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. करंट असला तर. वस्तीतलं कुणी आता पॅनेलबद्दल विचारत नाही. काही बदलेल असं मला वाटत नाही. ऊन वाढत जाईल, गच्चीवाल्यांची वीज वाढत जाईल, आमच्या डोक्यावरून तारा गुणगुणत जातील.

गेल्या आठवड्यात नव्या कंपनीचा माणूस आला. माणसं कमी पडतायत म्हणाला. तुझं ऐकलंय. चूक झाली म्हण, पुढे काळजी घेईन म्हण, उद्यापासून ये. आई आतून ऐकत होती. घरात त्या दिवशी तांदूळ नव्हता.

मी त्याला बसायला सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. पान, पुसलेली जागा, पाणी, अक्षता, सेल्वम. त्यानं घड्याळ बघितलं. उठला. गेला.

पुढचा येईल, त्यालाही हेच सांगीन. कुणी नाहीच आलं तर मी जाऊन सांगीन, त्याच वीथीत उभा राहून, मराठीत सांगीन, तमिळमध्ये सांगीन. काम नको. माफी नको. त्यांच्या पंगतीला तर मरेपर्यंत नको. पण खोटं माझ्या नावावर राहू देणार नाही. माझा हात लागला म्हणून त्यांनी पाणी टाकलं. जोडणी घट्ट होती.