नागसेनचा डावा हात आणि पुढचं डावं चाक

"टायरात हवा हुती न्हवं?"

नागसेननं विचारलं तेव्हा तो गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. दीक्षा मागच्या बाजूला धुळीनं माखलेली ताडपत्री घडी घालत होती.

"व्हय," ती म्हणाली.

"आन आठवड्याला गाडी अर्धं चाक ढकलत हुतीस? सांगितल्यावानी?"

"व्हय."

दोन्ही 'व्हय' खोटे होते. ताडपत्रीची घडी तिनं उगाच तीनदा मोडून पुन्हा घातली. नागसेननं चारी टायरांना बुटाची एकेक लाथ घातली, टणक लागली, आणि तो उठला. बायकोनं व्हय म्हटलं म्हणजे व्हय. पुढं बघायचं कारण नव्हतं.

तासगावच्या बाहेर तात्याबांची बेदाण्याची शेड. तिच्या तोंडाशी, पत्र्याखाली, नागसेनची पांढरी अँबेसिडर मे महिन्यापासून उभी होती. आता फेब्रुवारी लागला होता, आणि शेडमध्ये जाळ्या ताणायचं काम चालू झालं होतं.

"ने बाबा एकदाची," तात्याबा म्हणाले. "परवापास्नं माजी द्राक्षं उतरत्यात. का तुज्या टपावरबी बेदाणा वाळवू?"

"वाळवा की. अँबेसिडर बेदाणा म्हणून इका. भाव येईल."

तात्याबा हसले. नागसेनही हसला, पण त्याचा डावा हात पँटच्या खिशात होता. दीक्षानं ते पाहिलं. अलीकडं तो हात चारचौघांत खिशातच असायचा.

याच हातानं नागसेननं सोळा वर्षं फौजेत ट्रक हाकले होते. बर्फात, चिखलात, दरीच्या कडेकडेनं. पेन्शन घेऊन आला आणि जुनी अँबेसिडर घेतली, तेव्हा त्यांच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. बाळंतीण असो, साप चावलेला असो, कुणाच्या लेकीची पाठवणी असो, रात्री-अपरात्री दाराशी हाक यायची आणि हा अंगात सदरा चढवतच बाहेर पडायचा. गाडीला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. "गाडी म्हंजे रायफल. दुसऱ्यानं धरली का नेम बिघडला," असं म्हणायचा. मेव्हण्यानं एकदा दार जोरात आपटलं, तर त्याला भर उन्हात उतरवून एसटीनं पाठवलं होतं.

मग मे महिन्यात पोती उचलताना त्याची मान धरली. नस दाबली गेली आणि डावा हात लाकूड झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी अंगठ्यात सुई टोचली, तर हा शांतपणे विचारतो, "कवा टोचणार?" ऑपरेशन झालं. महिन्यामहिन्यानं हात परत आला. डॉक्टर म्हणाले, आता चालवायला हरकत नाही. हरकत होती ती नागसेनच्या मनात.

चार दिवसांपूर्वी त्यानं बूथवरून सांगलीच्या मानसिंगला फोन लावला होता. मानसिंग जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. दीक्षा शेजारीच उभी होती. "शनवारी गाडी घिऊन येतो," नागसेन म्हणाला. "येताना हात कसा चालतोय त्ये बघतो. ठीक चालला तर चा पिऊन माघारी. थरथरला, तर किल्ली तुमची. माणसं बसत्यात माज्या गाडीत, मानसिंगराव. बटाटं न्हाईत."

म्हणजे आजचा रस्ता ही परीक्षा होती.

आणि दीक्षानं टायरांचं खरं अजून सांगितलं नव्हतं. ती पाटणकडची, गाडीवानाची लेक. घरात बैल होते. जनावर उभं राहिलं की आधी त्याच्या मानेवरचं जू उतरवायचं, मग स्वतः पाणी प्यायचं, ही तिच्या बापाची शिस्त. नवरा दवाखान्यात, गाडी शेडमध्ये. एवढं ओझं घेऊन बिचारी टायरं फुगून उभी. तिनं काटकी घेतली, प्रत्येक टायरची हवा निम्मी सोडली आणि म्हणाली, "घ्या, तुमीबी जरा इसावा." गाडी ढकलायला आधी तात्याबांचे गडी यायचे. छाटणीचे दिवस आले तसे तेही येईनासे झाले. एकटीनं काय ती हलते! काल गुपचूप पायपंपानं हवा भरताना तिच्या ध्यानात आलं, की टायर फुगलं तरी तळाशी गोल होत नाही. हात फिरवला, तर तिथं भाकरीएवढा चपटा भाग लागत होता. चाललं की होईल गोल, असं तिनं मनाला सांगितलं.

गाडी निघाली. अँबेसिडरचा गिअर स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला. नागसेननं पहिला टाकला, दुसरा टाकला. हात नीट चालला. 

तासगाव मागं पडलं आणि ते सुरू झालं.

धड. धड. धड. धड.

आधी पायाखाली, मग सीटमध्ये, मग खिडकीच्या काचेत. नागसेनच्या हातातलं स्टेअरिंग बारीक कापायला लागलं.  त्यानं डावा तळवा मांडीला पुसला, स्टेअरिंग पुन्हा घट्ट धरलं.  कापरं थांबेना.

"दीक्षे, तुला काय जाणवतंय का?"

आत्ता सांग, ती स्वतःला म्हणाली. आत्ता.

"रस्ता खराब हाय," ती म्हणाली.

रस्ता दिवाळीनंतर डांबर ओतलेला, काळा कुळकुळीत होता. नागसेननं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"हं," तो म्हणाला.

त्या 'हं'मध्ये काय होतं ते तिला उमगायला कवठे एकंद मागं पडावं लागलं. त्याला वाटत होतं, बायकोला सगळं दिसतंय. हात थरथरतोय हे तिला दिसतंय आणि ती झाकून नेतेय.  

कुमठे फाट्याच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर पुढं लागला. मागं दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस. नागसेननं हॉर्न दिला, गाडी बाहेर काढली, पाय दाबला. वेग वाढला तसं स्टेअरिंग अंगात आल्यासारखं हलायला लागलं. गाडी ट्रॉलीच्या बरोबरीला आली आणि समोरून एसटी.

"आवं, एसटी!"

नागसेननं ब्रेक दाबला. गाडी डावीकडं ओढली गेली, उसाची टोकं दाराला खरखरत गेली. कशीबशी ती ट्रॉलीच्या मागं आली. एसटी शेजारून गेली. तिच्या ड्रायव्हरनं अर्धं अंग बाहेर काढून शिवी हासडली, वर म्हणाला, "अय! हात हाय का लाकूड हाय रं?"

नागसेननं गाडी बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. 

"ऐकलंस?" तो म्हणाला. "त्यालाबी चालत्या एसटीतनं दिसलं."

"आवं..."

"खल्लास. गाडी आज मानसिंगला."

"आवं, तुमचा हात न्हाई. टायर हाय." ती एका दमात बोलून गेली. "म्या हवा सोडली हुती. निम्मी. चाकांस्नी इसावा म्हणून. आन ढकललीबी न्हाई पावसाळ्यानंतर. खाली चपटी झाल्यात चारीबी. काल म्या हवा भरली."

 तो कडवट हसला.

"ब्येस. आत्ता सुचलं?"

"खरं सांगतीया."

"शेडमदी इचारलं तवा काय म्हणालीस? दोनदा इचारलं. आन आता माजा चेहरा बगून गोष्ट रचतीस? समजूत नगं घालूस, दीक्षे. मी ल्हान पोरगं न्हाई."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ओरडेल, मारक्या बैलासारखा बघेल, हे धरून ती घाबरली होती. खरं बोलल्यावर तो विश्वासच ठेवणार नाही, हे तिनं धरलंच नव्हतं.

"उतरून बगा टायर."

"काय बगू? चाललेलं टायर गरम हुतंय, फुगतंय. हाताला काय कळणार? कुठल्या हाताला कळणार?" त्यानं डावा हात तिच्या नाकासमोर धरला. तो खरंच कापत होता. पण आत्ता रागानंही कापलाच असता.

दीक्षानं समोर पाहिलं. रस्ता सरळ. लांबवर एक सायकल, तीही पाठमोरी.

"गाडी काढा," ती म्हणाली. "आन मी सांगीन तवा स्टेअरिंग सोडा."

"येडी झालीस?"

"दोनी हात वर घ्या. म्हंजे कळंल कोण थरथरतंय त्ये."

  त्यानं चावी फिरवली.

पहिला गिअर. दुसरा. तिसरा. धड, धड, धड. दीक्षानं मागं वळून रस्ता बघितला, पुढं बघितला. तिनं स्वतः सीट घट्ट धरली होती.

"सोडा."

त्यानं उजवा हात उचलला. डावा तसाच.

"त्योबी!"

डावा उचलला. दहाही बोटं हवेत, पोलिसानं हात वर करायला लावल्यासारखी. आणि रिकामं, कुणाचाही हात नसलेलं स्टेअरिंग समोर थडथडा उडत होतं. हिव भरल्यासारखं. गाडी हळूहळू डावीकडं सरकत निघाली, चाक डांबर सोडून खडीवर गेलं, रस्त्याकडेची पाण्याची चारी जवळ आली, तरी नागसेन बघतच होता.

"आवं, धरा! बगितलं न्हवं, आता धरा!"

त्यानं झडप घालून धरलं. गाडी थांबली तेव्हा चारीची कड हातभर अंतरावर होती.

तो न बोलता उतरला. एकेका चाकापाशी बसला, तळवा टेकवून फिरवला. मागची दोन तापून बरीचशी गोल झाली होती, पुढचं उजवंही. पुढच्या डाव्याचा चपटा भाग मात्र हटला नव्हता. तिथं रबराला बारीक चिराही गेल्या होत्या. तिथंच बसून तो म्हणाला,

"एका व्हयपायी मी माजा हात इकाय निघालो हुतो, दीक्षे."

"तुमी वरडला असता."

"वरडलो असतो. लय वरडलो असतो. आन सांच्याला जेवलो असतो." त्याचा आवाज चढला. "पर तू मला माज्याच हाताचा संशय घ्यायला लावलास! ह्ये टायर फुटलं असतं त्या ट्रॅक्टरपाशी, तर?"

  तिनं डिकी उघडली, स्टेपनी ओढून काढली आणि त्याच्यापुढं लोळवत आणली. जॅक त्यानं लावला. नट गंजून घट्ट बसलेले. नागसेननं पाना धरला आणि दीक्षा लुगडं सावरून पान्याच्या दांड्यावर उभी राहिली. करकर करत नट सुटला. पुढच्या प्रत्येक नटाला तो फक्त "चढ" म्हणत होता, आणि ती चढत होती.

नंतर गाडी शांत चालली. मागून थोडी धडधड होती, पण स्टेअरिंग निवांत. कवलापूर गेलं. आणि त्या निवांत स्टेअरिंगवर नागसेनच्या डाव्या हाताची करंगळी हलताना दीक्षाला दिसली. बारीक, पण थांबत नव्हती. तिनं मान वळवली तेव्हा तो तिच्याकडंच बघत होता.

"ह्ये टायर न्हाई," तो म्हणाला. "ह्ये माजं हाय."

"हाय," ती म्हणाली.

"मगाशी रस्ता खराब म्हणालीस. आता काय म्हणशील?"

"काय न्हाई. करंगळी हलतीया. पकड चांगली हाय. गिअर सुटला न्हाई एकदाबी."

 माधवनगरच्या पाट्या दिसायला लागल्या.

"खरं सांग," तो म्हणाला. "आन मला बरं वाटंल असं नगं सांगूस. हा हात बगून आपल्या पोरीला बसवशील ह्या गाडीत?"

 दीक्षानं त्या हाताकडं नीट पाहिलं. दोन गिअर बदलताना पाहिला, एका म्हशीला हुकवताना पाहिला, रेल्वेच्या फाटकापाशी थांबताना पाहिला.

"दिवसा बसवीन," ती शेवटी म्हणाली. "रातच्याला न्हाई. घाटातबी न्हाई. आन कुणी दारात रडत आलं तरी न्हाई."

 रात्रीच्या हाकेला धावण्यानंच तर नागसेनचं वस्तीत नाव झालं होतं.

"रडत आलं तरी?"

"तरीबी. तवा दुसरी गाडी बगून द्यायची. ह्या बारीला म्या खोटं बोलणार न्हाई, तुमी मला बोलाय लावू नगा."

मानसिंग दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. अँबेसिडर बघून त्यानं तळवा पुढं केला.

"आणा किल्ली."

"किल्ली न्हाई," नागसेन उतरत म्हणाला. "पुढच्याला टायर पायजे. बरं असलं तर मागच्यालाबी."

"आन हात?"

नागसेननं डावा हात गाडीच्या टपावर ठेवला, उघड्यावर. "तिला इचारा."

मानसिंगनं दीक्षाकडं पाहिलं.

"दिवसाचा चालतोय," ती म्हणाली.

"दिवसाचा? ह्यो हात हाय का पिठाची गिरण?"

"गिरणच म्हणा. रातच्याला तुमी आजारी पडला, तर आमच्याकडं हाक मारू नगा."

मानसिंगला हसावं की काय करावं कळेना. नागसेनला हसू आलं नाही. तो आभाळाकडं बघून उन्हाचा अंदाज घेत होता, फौजेतून आल्यापासून पहिल्यांदाच.

"चा लवकर सांगा, मानसिंगराव," तो म्हणाला. "अंधाराच्या आत तासगाव गाठायचंय."