झालरीचा रंग

आमच्या बाईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न भर मे महिन्यात धरलं होतं. आमचं गाव आरमोरीच्या पुढं, जंगलाला लागून. मे महिन्यात तिथं चुलीत आणि अंगणात काही फरक राहत नाही. मी दहावीची परीक्षा देऊन घरी रिकामी होते, आणि माझं तोंड त्या उन्हापेक्षाही जास्त तापलेलं असतं, असं माय म्हणायची.

मंडपवाल्याला बोलवायची ऐपत नव्हतीच. पण बाईला त्याचं काही वाटलं नाही. गावातल्या किती पोरींच्या मांडवाची झालर तिनंच कापली होती. पतंगी कागदाची घडीवर घडी घालायची, कात्रीनं इकडून तिकडून कुरतडायची, आणि उलगडली की जाळी तयार. दरवेळी झालर टांगून झाली की ती खाली उभी राहून वर बघायची. "माह्या लग्नात याच्याहून दाट करीन," म्हणायची. तेवढीच तिची हौस. दागिन्याचं तिनं कधी नाव काढलं नाही.

बाजारात गेलो तर निळा कागद संपलेला. होता तो गडद गुलाबी. "घेऊन टाक, गुलाबी का वाईट हाय?" बाई म्हणाली. मग आम्ही दोघी पडवीत बसून कापत राहिलो. तांदळाच्या पिठाची खळ करायची, सुतळीला लावायची, एकेक पट्टी चिकटवायची. त्या कागदाचा रंग इतका कच्चा, की घामानंच आमचे हात गुलाबी झाले. "याले पाणी लागू देऊ नका बापा," बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बाबांनाही सांगितलं. बाबा हो म्हणाले. बाबा सगळ्यालाच हो म्हणायचे.

लग्नाच्या दिवशी मांडव बघून मलाच रडू आलं. बांबूंवर जांभळीचे हिरवे डहाळे, आणि त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची झालर. बाई पांढरं पातळ नेसून आली. आमच्या बौद्धांत नवरी पांढऱ्यातच उभी राहते. ते पातळ बाबांनी दुकान-दुकान फिरून आणलं होतं. मूर्तीसमोर जायच्या आधी तिनं एकदा वर बघितलं आणि मला डोळा मारला.

वरात आली, ती भर उन्हात. नवरदेवाचा बाप टेकल्या टेकल्या म्हणाला, "मांडव तापून राह्यला ना इवाई. आमचे म्हातारे माणसं हायेत." एवढंच. पण बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडं उन्हाळ्यात मांडवावर पाणी मारतात, म्हणजे डहाळे गार होतात. बाबा बादली घेऊन मागच्या शिडीनं वर चढले. झालर त्यांच्या ध्यानातच नव्हती. इवायाला, म्हणजे व्याह्याला, गार वाटलं पाहिजे, बस.

इकडं वंदना सुरू झाली. सगळे हात जोडून उभे. बाईच्या खांद्यावर पहिला थेंब पडला तेव्हा मला वाटलं, फुलाची पाकळी पडली. मग ती पाकळी पसरायला लागली. वर पाहते तर झालर ओली होऊन लोंबत होती! मायला कोपरानं ढोसलं, पण तिचे डोळे मिटलेले. वंदना मध्येच कोण थांबवणार? मी मागं धावले. "बाबा, थांबा!" भोंग्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. दोन्ही हात हलवले. बाबांना वाटलं, पोरगी आणखी पाणी मागून राह्यली. त्यांनी हसून मान डोलावली आणि आणखी एक बादली ओतली. काय करावं माणसानं!

परत येऊन पाहते, तर नवरदेव अर्धं पाऊल बाजूला सरकलेला. त्याचा सदरा वाचला. बाई जागची हलली नव्हती. हात जोडलेले, आणि खांद्यावर, पाठीवर गुलाबी थेंब. मागून तिच्या सासूचा आवाज आला, "अवो, नव्या पातळाचं काय करून टाकलं!" मी दातओठ खात उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

लग्न लागल्याबरोबर मी ती झालर ओरबाडून काढली. बाबा ओलेचिंब होऊन खाली आले, तोवर बाईनं डाग आत दडवून पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

"झालर कुठी गेली?" बाबांनी विचारलं.

"पोट्ट्यांनी ओढली," मी म्हटलं.

"जाऊ दे. आता कसं गार वाटते, नाई?"

"हो बाबा, गार वाटते," बाई म्हणाली. ते इतके खूश होते की खरं सांगायची कोणाची छाती झाली नाही.

पुढच्या जयंतीला बाबा आणि मी तिच्या सासरी गेलो. मिरवणुकीत सगळ्या बायका पांढऱ्या पातळात. बाईकडं पांढरं तेच एक. धुऊन धुऊन थेंब फिके झाले होते आणि आणखी पसरले होते. बाबा थबकलेच. "बाई, हे लग्नाचं पातळ होय ना? कायनं खराब केलं?"

बाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "इथल्या एका पोरीच्या लग्नाची झालर कापत होती बाबा. तिचा रंग लागला."

बाबांचं डोकंच फिरलं. "दुकान-दुकान फिरून आणलं होतं मी! लग्नाचं पातळ नेसून कोणी झालर कापते काय? बह्याड हायेस काय तू?" पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. मी तोंड उघडलं, तर बाईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

"चुकलं बाबा," ती म्हणाली.