पाटावरची वाळू

दिल्लीतल्या आर. के. पुरमची आमची वृंदा फरीदाबादच्या प्रयोगशाळेत यमुनेचं पाणी तपासते. पहिलीच नोकरी. तिच्या वडिलांच्या, भालचंद्ररावांच्या मते ही गटारात हात घालायची कामं.

गणपती घरीच बादलीत विसर्जित करू, असं ती म्हणाली, तर ते भडकले. "बाप्पा बादलीत? बिल्कुल नाही!"

यमुनेवर गेले. मूर्ती सोडून भालचंद्रराव लगेच गाडीत जाऊन बसले. रीतीप्रमाणे नदीतली मूठभर वाळू पाटावर घरी आणायची असते, ती वृंदाने आणली. काळी, चिकट, घाण वास मारणारी.

भालचंद्ररावांनी दारातच अडवलं. "ही घाण घरात नको!"

"बाबा, बाप्पाला यातच सोडून आलो ना आपण?"

पुढच्या वर्षी बादली त्यांनीच घासून ठेवली.